‘विशेष संदर्भ : शहापूर आणि मुरबाड’, पण संदर्भ आहे कुठे?

कॉमर्स आणि मॅनेजमेंटमधल्या पीएच.डी.च्या विषयांत एक विषय वेगवेगळ्या कपड्यांत पुन्हा पुन्हा भेटतो : महाविद्यालयीन अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांचा पदवीधरांच्या रोजगारक्षमतेवर होणारा परिणाम. शेवटी ‘विशेष संदर्भ’ म्हणून एकदोन तालुके जोडलेले. तुमच्यापैकी काही जण पेट पास होऊन याच विषयाचा आराखडा लिहायला बसला असाल. विषय वाईट नाही. शहापूर-मुरबाडच्या मुलांसाठी तर तो जिव्हाळ्याचा आहे. माझी तक्रार आहे ती तो ज्या पद्धतीने उरकला जातो तिच्याबद्दल.

पद्धत ठरलेली असते. क्रेजी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता उघडायचा आणि ३८४ हा आकडा उचलायचा. १९३२ पासून चालत आलेली लिकर्टची पाच उत्तरांची पट्टी घ्यायची. अल्फा ०.७ च्या वर आला की प्रश्नावली ‘विश्वसनीय’. मग काय-स्क्वेअर, शून्य गृहीतक फेटाळलं, आणि शेवटी शिफारस : विद्यार्थ्यांनी उपक्रमांत अधिकाधिक सहभाग घ्यावा.

पण तो तक्ता यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. सकाळच्या लेक्चरला जेवढे हजर होते तेवढ्यांकडून फॉर्म भरून घेतला, तर ३८४ काय आणि ३,८४० काय, गैरहजर राहणारे त्यात येतच नाहीत. आणि ‘उपक्रमांमुळे मला करिअरमध्ये फायदा झाला’ हे विधान आपण कोणापुढे ठेवतो? टीवायला बसलेल्या मुलापुढे, ज्याचं करिअर अजून सुरूच झालेलं नाही. वर त्याच उपक्रमाचे सर शेजारी उभे. तो ‘पूर्णतः सहमत’वर खूण करणार नाही तर काय करणार! यातून करिअर नाही, सौजन्य मोजलं जातं.

अभ्यासक्रमाचंही तेच. ‘अभ्यासक्रम उपयुक्त वाटतो का’ असं विचारण्याऐवजी एक खरंखुरं जीएसटी बिल हातात द्या आणि त्यातली चूक शोधायला सांगा. दहा मिनिटांत जास्त कळेल.

आता मूळ मुद्दा. उपक्रमांत भाग घेतं कोण? एनएसएस म्हणजे वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. शहापूर गावात राहणाऱ्या मुलाला हे जमतं. डोळखांबच्या आतल्या पाड्यावरून किंवा टोकावड्याच्या पलीकडून येणाऱ्या मुलीला पथनाट्याची तालीम लांबली की एसटी चुकते. सात रात्री बाहेर राहायची परवानगी ही तिच्या घरात वेगळीच लढाई. भातलावणीच्या दिवसांत तर लेक्चरच बुडतं, तिथे उपक्रम कुठला. म्हणजे सहभाग घेणाऱ्यांना नोकऱ्या बऱ्या मिळाल्या असं आकडे दाखवत असतील, तर ते श्रेय उपक्रमाचं, की स्टॅण्डजवळच्या घराचं आणि घरच्या बऱ्या परिस्थितीचं? यालाच निवडीतला पूर्वग्रह म्हणतात. जेम्स हेकमन यांचा १९७९ चा निबंध याच दुखण्यावर आहे. हा प्रश्न न विचारता ‘सहभाग वाढवा’ अशी शिफारस केली की दोष गुपचूप त्या मुलीच्या माथी जातो. माझा राग आहे तो इथे.

दुसऱ्या टोकाला तो मुलगा आहे, जो रात्री भिवंडीच्या गोदामात काम करून सकाळी वर्गात डुलक्या घेतो. स्टॉक जुळवणं, ई-वे बिल, ड्रायव्हरशी हुज्जत, सगळं त्याला येतं. आपल्या प्रश्नावलीत याला रकानाच नाही. फार तर ‘वैयक्तिक माहिती’त ‘नोकरी : होय/नाही’. प्रबंधात तो ‘उपक्रमांत सहभाग नसलेला विद्यार्थी’ म्हणून जमा होतो.

शहापूर आणि मुरबाड एकत्र करून ‘ग्रामीण ठाणे’ म्हणण्यात तर हातातली सर्वांत चांगली तुलनाच वाया जाते. जिल्हा एक, मुंबई विद्यापीठ एक. पण शहापूर तालुक्यात वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी अशी कसारा मार्गावरची स्टेशनं आहेत. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याण गाठायचं ते रस्त्यानेच. तोच अभ्यासक्रम, तेच उपक्रम, फक्त लोकल असली-नसली तर काय फरक पडतो, हे इथे विचारता येतं. तुलना अगदी स्वच्छ नाही हे मान्य. मुरबाडला एमआयडीसी आहे, शहापुरातून नाशिक महामार्ग जातो. पण हे घटक नोंदवून पुढे जाता येतं.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या न्यूटन शहरातल्या २८२ नोकरदारांचा अभ्यास केला होता. निम्म्याहून थोड्या अधिक जणांना नोकरी ओळखीतून मिळाली होती, आणि ती ओळख बहुतेकदा रोजच्या मित्राची नव्हती, क्वचित भेटणाऱ्या माणसाची होती. हे इथे लावून बघा. ‘किती उपक्रम केले’ हा प्रश्न मग फुसका ठरतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये रोजचेच चेहरे असतात. विद्यापीठ पातळीवरच्या स्पर्धेत परकी माणसं भेटतात. विचारायचं ते हे, की त्या उपक्रमातून तालुक्याबाहेरची किती माणसं ओळखीची झाली, आणि त्यातल्या कोणाला आजही फोन करता येतो.

आणखी एक अडचण नवी आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि सहअभ्यासक्रम उपक्रमांना क्रेडिट मिळू लागलं. त्या बॅचपासून ‘सहभागी’ आणि ‘असहभागी’ ही जुनी विभागणीच मोडली. क्रेडिट सगळ्यांनाच हवं. जुनी प्रश्नावली तशीच चालवली तर सगळे सहभागी निघतील. ऑन जॉब ट्रेनिंगचंही बघा : मुरबाडच्या मुलाने ते कुठे केलं, की कागदावरच झालं?

तेव्हा आराखडा लिहिताना आजच्या वर्गात फॉर्म वाटू नका. चार-पाच वर्षांपूर्वी पास झालेल्यांची यादी घ्या, चिठ्ठ्या टाकून नावं काढा आणि फोन करा. पहिली नोकरी कोणती, तिच्याबद्दल कोणाकडून कळलं, कॉलेजात असताना गावाची शेवटची एसटी किती वाजता होती. बरेच नंबर बंद लागतील. लग्न होऊन गेलेल्या मुलींचे तर जास्तच, कारण तेव्हाचा नंबर वडिलांचा किंवा भावाचा असतो. त्यांना यादीतून गाळून पुढचं नाव घेतलंत, की तोच पूर्वग्रह मागच्या दाराने परत आला. बंद लागलेल्या प्रत्येक नंबरपुढे गाव, मुलगा की मुलगी, आणि एनएसएसच्या हजेरीपटात नाव होतं का, एवढं तरी लिहून ठेवा.