भांड्यावरची कविता

चहा पिता पिता कविता वाचावी, आणि तीही हातातल्याच भांड्यावरची, ही सोय जपानी लोकांनी फार पूर्वी करून ठेवली आहे. त्यांचा चहाचा वाडगा बिनकानाचा. तो दोन्ही हातांत घ्यायचा, थोडा फिरवायचा, मग ओठांना लावायचा. काही वाडग्यांच्या अंगावर एखादे फूल असते आणि शेजारी चार-दोन ओळी. वाडगा फिरेल तशी ओळ पुढे सरकते, त्यामुळे कविता चहाच्याच सावकाशीने वाचावी लागते.

क्योतोचा ओगाता केन्झान (१६६३–१७४३) हा या कलेचा थोर मानकरी. १६९९ साली त्याने नारुताकी येथे भट्टी घातली. थोरला भाऊ कोरिन नामांकित चित्रकार; काही भांड्यांवर कोरिनने चित्र काढावे आणि केन्झानने अक्षरे लिहावीत, असा भावाभावांचा संसार. बारा महिन्यांची फुले-पाखरे रंगवलेल्या केन्झानच्या ताटल्या प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पाठीवर तेइका या जुन्या कवीच्या कविता आहेत. ताटली उलटी केल्यावाचून त्या दिसत नाहीत! चित्राने कवितेचा अर्थ सांगायचा नाही आणि कवितेने चित्राचा, हा संयम मोठा आहे. परंतु शब्द उसने आहेत, हेही खरेच.

ओतागाकी रेंगेत्सु (१७९१–१८७५) हिचे तसे नाही. दोन संसार मोडले, लेकरे गेली, आणि १८२३ साली तिने भिक्षुणीची वस्त्रे घेतली. पुढे पोटासाठी ती हातांनी माती घडवू लागली व ओल्या मातीवर स्वतःच्याच कविता कोरू लागली. तिची भांडी ओबडधोबड आहेत, बोटांचे ठसे लपत नाहीत. अक्षर मात्र विलक्षण देखणे. लोकांना ती इतकी आवडली की तिच्या हयातीतच नकला निघाल्या. सौंदर्यात केन्झान सरस, हे मी मान्य करतो. तरी घरात ठेवायला मी रेंगेत्सूचेच भांडे मागेन. घडवणारी, लिहिणारी आणि भोगणारी तेथे एकच बाई आहे.

आता आपल्या घरात पाहू. फूल आपल्याकडे होते: सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी लाकडी वस्तूंवर लाखेच्या रंगांत वेलबुट्टी काढली. भांड्यावर अक्षरही होते: लग्नातल्या तांब्या-परातीवर ठिपक्याठिपक्यांनी ‘मामाकडून सप्रेम भेट’ असे घातलेले असे. आणि कविता? ती पहाटे जात्यावर होती. पण तिन्ही गोष्टी तीन हातांत राहिल्या. चिताऱ्याने फूल काढले, नाव घालणाऱ्याने पैसे देणारा सांगेल ते ठोकले, आणि जिच्या ओठी ओवी होती तिच्या हाती बहुधा अक्षरच नव्हते. भांड्यावर नाते राहिले. बाईचे म्हणणे पिठाबरोबर उडून गेले.

सगळेच गेले असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या वाचताना रेंगेत्सूची आठवण येते. तेच दुःख, तोच थोडक्यात सांगण्याचा सराव. उणीव असलीच तर ओल्या मातीची आणि कोरायच्या काडीची.

हल्ली बाजारात कपांवर शुभेच्छा छापून मिळतात. त्यात फूल आहे, अक्षर आहे. माणूस तेवढा नाही. यंदा दिवाळीला भांडे घ्याल, तेव्हा दुकानदार नाव कोरण्याचे यंत्र पुढे ओढून विचारील, “काय घालू?” घरात आजीची एखादी ओवी अजून कोणाच्या तोंडी असेल, तर ती सांगा. आणि खाली, देणाऱ्याच्या नावाऐवजी, तिचे नाव घालायला सांगा.