गणेशखिंडीतला बंगला नक्की कोणाचा?

संशोधनाची तयारी करताय ना? मग एक साधं वाक्य तपासून बघू. 'पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांनी बांधली.' लेखांत, भाषणांत, सहलीच्या माहितीत हे वाक्य जसंच्या तसं फिरत असतं. ते खोटं नाही, पण माझ्या मते आळशी आहे.

आधी तारखा लावा. फ्रेअर १८६२ ते १८६७ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते. गणेशखिंडीत काम सुरू झालं १८६४ ला आणि पूर्ण झालं १८७१ ला. म्हणजे आपण हे घर ज्यांच्या नावावर लावतो, ते घर उभं राहण्याच्या चार वर्षं आधीच पदावरून गेले होते. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा, आणि नमुना व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बर्न हाउसचा. तो उंच मनोरा आणि इटालियन थाट तिथूनच आलाय.

आता पैसा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीत मोठमोठी कामं निघाली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, बांधकाम मात्र चालूच राहिलं. खर्च एवढा वाढला की थेट ब्रिटिश संसदेत टीका झाली. हा खर्च सरकारी तिजोरीतला, आणि त्या तिजोरीत मोठा वाटा शेतसाऱ्याचा. 'भव्य वास्तू' एवढं म्हणून थांबणारे लेख मला खटकतात ते इथे. गव्हर्नर या घरात राहायचे, मालक नव्हते.

२२ जून १८९७ तर सगळ्यांना पाठ असतो. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ याच बंगल्यात होता. तिथून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. पण चाफेकरांच्या गोष्टीत बंगला नुसता पत्ता म्हणून येतो आणि वास्तूच्या गोष्टीत प्लेग येतच नाही. एकच रात्र, दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेली!

मी अंतरवाली सराटीची. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे मुंबईचा गव्हर्नर तसा आमचा कोणीच नव्हे. पण २०२३ च्या उपोषणानंतर निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली गेली, आणि 'मोडी वाचणारं कुणी आहे का?' असं पारावर विचारताना मी ऐकलंय. कागदावर काय आहे आणि आपण काय सांगतो, यातला फरक तिथे कुणाला वेगळा शिकवावा लागला नाही.

१९४९ ला विद्यापीठ सुरू झालं आणि बंगला शिक्षणाच्या कामी आला. मी शास्त्र शाखेची, हा विषय माझा नाही. पण असता, तर पहिला आठवडा मनोऱ्यावर नाही, गवंड्यांच्या मजुरीचे हिशेब शोधण्यात घालवला असता. तुमच्यापैकी कुणी इतिहासात जाणार असेल, तर बघा बरं.