बर्डीवरचे ११४ आणि ‘दंगल’ नावाचा रकाना

स्टीव्हन विल्किन्सन यांचं ‘व्होट्स अँड व्हायलन्स’ (२००४) हे पुस्तक दंगलींवर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी वाचावंच लागतं. पीएचडीच्या मुलाखतीतही त्याचं नाव निघतं. मी ते आता तिसऱ्यांदा वाचलं. या वेळी डोक्यात सतत सीताबर्डी होती, आणि त्यामुळे पुस्तक थोडं वेगळं दिसलं. त्याबद्दल हे टिपण.

आधी पुस्तक काय म्हणतं ते. दंगल का पेटते, यापेक्षा ती का थांबत नाही हा विल्किन्सन यांचा खरा प्रश्न आहे. भारतात पोलीस राज्य सरकारच्या हातात असतात. सरकारने स्पष्ट आदेश दिला तर साधनं कमी असलेलं पोलीस दलसुद्धा दंगल आवरू शकतं. मग सरकार तो आदेश कधी देतं? अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तेव्हा: एक तर ती मतं आपल्याच पक्षाची असतात, नाहीतर अनेक पक्षांच्या चुरशीत कुणालाच ती सोडून चालत नाही. थोडक्यात, पोलीस दुबळे होते, जमाव मोठा होता, या सबबी ते मान्य करत नाहीत. गृहखात्याकडे बोट दाखवायला शिकवणारं हे पुस्तक आहे, आणि त्यासाठी मी त्याचा ऋणी आहे. श्रीकृष्ण आयोगाचे आकडे शेजारी ठेवून वाचा: डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० मृत्यू, त्यातले ३५६ पोलीस गोळीबारात. मृत्यूचं सगळ्यात मोठं एकच कारण शोधलं तर ते पोलिसांची गोळी हे निघतं. शासनाचा प्रतिसाद हा दंगलीनंतरचा भाग नसतो, तो दंगलीच्या पोटातच असतो.

आता बर्डीवर या. व्हरायटी चौकावरून जाणाऱ्या पुलाचं नाव ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’ आहे. रोज हजारो लोक त्यावरून जातात आणि ‘बर्डीचा पूल’ म्हणतात. (मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो.) २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशन चालू असताना अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा इथे आला होता. विधानभवनाच्या अलीकडे तो अडवला. दिवसभर निवेदन घ्यायला कुणी जबाबदार मंत्री आला नाही. संध्याकाळी एक लाल दिव्याची गाडी दिसली, मंत्री आले असं वाटून लोक पुढे सरकले, असं सांगितलं जातं. लाठीमार झाला. पुढे बॅरिकेड, मागे गर्दी. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं जास्त.

हे ११४ मृत्यू विल्किन्सन यांच्या आकडेवारीत नाहीत. असूच शकत नाहीत, कारण आशुतोष वार्ष्णेय आणि त्यांनी मिळून केलेली १९५० ते १९९५ ची ती प्रसिद्ध यादी फक्त हिंदू-मुस्लिम हिंसेची आहे. १९९४ हे वर्ष यादीच्या काळात येतं, नागपूर शहर येतं, पण ही घटना रकान्यात बसत नाही. ‘मग यादीचा दोष काय, व्याख्याच तशी आहे’, असं कुणी म्हणेल. बरोबर. व्याख्येशी माझं भांडण नाही. पण त्या व्याख्येतून काढलेला निष्कर्ष ‘शहरातल्या जमावाशी सरकार कसं वागतं’ या मोठ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरला जातो, आणि माझं भांडण तिथे आहे. गोवारी मोर्चा दंगल नव्हता. कुणाच्या हातात दगड नव्हता, समोर दुसरा समाज नव्हता. तरी पोलिसांनी गर्दीकडे पाहिलं ते दंगलीच्या नजरेने. ‘आदेश दिला की जमाव पांगतो’ हे विल्किन्सन यांचं गृहीतक इथे उलटं फिरतं: बळ वापरलं गेलं, आणि पांगायला जागाच नव्हती.

मतांचा हिशोबसुद्धा इथे नीट लागत नाही. फेब्रुवारी-मार्च १९९५ ला राज्यात विधानसभा निवडणूक होती, म्हणजे मोर्चा आला तेव्हा ती तोंडावर होती. पुस्तकाच्या तर्काप्रमाणे अशा वेळी सरकारने विदर्भातल्या एका समाजाला दुखवायला नको होतं. एक मंत्री चालत येऊन कागद घेऊन गेला असता तरी पुरलं असतं. तो आला नाही. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला तो नंतर. निवडणुकीत काँग्रेस गेली, आणि नव्या युती सरकारने जून १९९५ मध्ये विशेष मागास प्रवर्गात गोवारींना सवलत दिली तीही नंतरच. मतांचा दबाव चालतो, पण किती वाजता चालतो? पुस्तक वर्षं आणि राज्यं मोजतं. बर्डीवर प्रश्न दुपारी ते संध्याकाळी एवढाच होता.

हीच घड्याळाची गोष्ट १७ मार्च २०२५ ला पुन्हा दिसते. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा म्हणून महालात दुपारी आंदोलन झालं, प्रतीकात्मक पुतळा आणि हिरवं कापड जाळलं गेलं. त्यावर धार्मिक मजकूर होता अशी अफवा मोबाइलवरून फिरली. संध्याकाळी चिटणीस पार्कजवळ दगडफेक, रात्री हंसापुरीत जाळपोळ. तीन पोलीस उपायुक्तांसह तीसहून जास्त पोलीस जखमी झाले, पुढे एका जखमी नागरिकाचा मृत्यू झाला. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, ती टप्प्याटप्प्याने उठवत २३ मार्चला पूर्ण उठली. हद्दीनुसार संचारबंदी लावणं आणि भाग शांत होईल तशी काढणं, हे ठीकच झालं. पण दुपार ते संध्याकाळ या तासांमध्ये त्या कापडावर काय होतं आणि काय नव्हतं, हे लोकांना विश्वास बसेल अशा तोंडून कळायला हवं होतं. अफवेला उत्तर उशिरा मिळालं की लाठी लवकर काढावी लागते.

दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले की ‘छावा’ चित्रपटामुळे भावना पुन्हा भडकल्या. आणि हेही म्हणाले की हल्ला पूर्वनियोजित दिसतो. पॉल ब्रास वाचलेल्यांचे कान इथे टवकारले पाहिजेत. ब्रास यांच्या मते दंगलीनंतर ‘स्पष्टीकरणाचा’ एक टप्पा असतो आणि त्यात दोष हळूच दुसरीकडे सरकवला जातो. दोन्ही स्पष्टीकरणं प्रशासनाला वेगवेगळे प्रश्न विचारतात. पूर्वनियोजित असेल तर गुप्तवार्ता कुठे होती? भावनेचा भडका असेल तर दुपारनंतर बंदोबस्त का वाढला नाही? दोन्ही एकदम म्हटलं की दोन्ही प्रश्न एकमेकांत विरघळतात.

आणि मग बुलडोझर. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट सांगितलं होतं की पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय बांधकाम पाडायचं नाही, आणि आरोपी आहे म्हणून तर नाहीच. २४ मार्च २०२५ ला नागपूर महापालिकेने मुख्य आरोपीचं घर पाडलं. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली, तोवर घर गेलं होतं. पुढे महापालिकेतर्फे सांगितलं गेलं की या निकालाची अधिकाऱ्यांना माहितीच नव्हती, आणि आयुक्तांनी बिनशर्त माफी मागितली. माझ्या मते त्या आठवड्यातली सगळ्यात गंभीर कबुली ही आहे. घर बेकायदा होतं की नव्हतं हा वेगळा वाद. दंगलीला उत्तर देणारं सरकारच नियम मोडतं, तेव्हा पुढच्या वेळी शांतता समितीत बसायला कोण येईल? विल्किन्सन यांच्या तक्त्यात या दिवसाला जागा नाही, कारण दंगल तोवर संपलेली असते.

क्लिफर्ड स्टॉट आणि स्टीफन राइशर यांचं गर्दीवरचं काम मला इथे जास्त कामाचं वाटतं. पोलीस सगळ्या गर्दीला एकाच काठीने हाकतात तेव्हा वेगवेगळी माणसं ‘आपण सगळे’ होतात, आणि जे मधे पडून आवरणार होते तेही आवरत नाहीत, असं ते दाखवतात. २००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत पोर्तुगालच्या पोलिसांनी त्यांच्या सल्ल्याने साध्या गणवेशात लोकांशी बोलत राहायचं, गरज वाढेल तसंच बळ वाढवायचं, असा प्रयोग केला आणि तो साधला. फुटबॉलचे प्रेक्षक आणि महालचा जमाव एक नव्हे, हे कबूल. पण बर्डीवरच्या मोर्चाला ते जवळपास शब्दशः लागू पडतं.

तेव्हा विल्किन्सन वाचू नका असं मी म्हणत नाहीये. वाचा, पण ‘सरकारने हस्तक्षेप केला / केला नाही’ असा हो-नाहीचा चल जसाच्या तसा उचलू नका. त्याऐवजी एक घटना घ्या आणि तासांचा तक्ता करा: निवेदन घ्यायला कोण, किती वाजता, अफवेचं पहिलं अधिकृत खंडन किती वाजता, लाठीचा आदेश कोणी दिला, त्या वेळी बाहेर पडायला कुठली वाट मोकळी होती. गोवारी प्रकरणासाठी दाणी आयोगाचा अहवाल इथून सुरू करता येईल. त्याच्या शेजारी दर २३ नोव्हेंबरला झिरो माइलजवळच्या स्मारकाशी येणाऱ्या कुटुंबांचं बोलणं ठेवा. मी पहिला रकाना भरायला घेतला आहे: ‘निवेदन स्वीकारले: —’. तिथे अजून वेळ लिहिलेली नाही.