एका पत्र्याच्या दोन अवस्था

आयुष्याच्या अवस्था दाखवायच्या तर युरोपातील जुनी लोकप्रिय छापचित्रे जिना काढत. पाळण्यापासून चढत जाऊन पन्नाशीला माथा, मग शंभरीपर्यंत उतार. मी आता उताराच्या पायरीवर आहे. म्हणून असेल, पण त्या जिन्यातील सोय मला खटकते. तिथे सगळी वये एकाच वेळी शाबूत उभी असतात; कोणतेच वय कायमचे जात नाही.

बेल्जियमच्या जेम्स एन्सॉरने (१८६०–१९४९) हा जिनाच काढून टाकला. तिशीही न गाठलेल्या एन्सॉरने १८८९ मध्ये एका छायाचित्रावरून स्वतःचे अम्लरेखन केले. अम्लरेखनात धातूच्या पत्र्यावर लेप देतात, सुईने लेप खरवडून रेषा काढतात आणि उघड्या पडलेल्या धातूला आम्ल खाते. काम पुढे सरकताना टप्प्याटप्प्याने ठसे काढता येतात. अशा टप्प्याला इंग्रजीत ‘स्टेट’ म्हणतात. मी ‘अवस्था’ म्हणतो. एन्सॉरच्या पत्र्याच्या आधीच्या अवस्थेत त्याचा चेहरा आहे. नंतरच्या अवस्थेत तोच कोट, तीच उभे राहण्याची ढब. चेहऱ्याच्या जागी मात्र कवटी.

आंद्रे ब्रेतोंचा जाहीरनामा १९२४ चा, म्हणजे पस्तीस वर्षे नंतरचा. तरी एन्सॉरला अतिवास्तववादाचा पूर्वसुरी म्हणतात, ते अनेकदा कवट्या आणि मुखवट्यांकडे बोट दाखवून. मला हे अपुरे वाटते. युरोपीय चित्रांत कवटी शतकानुशतके होती. पण ती मेजावर, पुस्तकाशेजारी, उपदेशासाठी. इथे ती शेजारी नाही. ती त्याच रेषांवर चढली आहे.

एन्सॉरचेच १८८८ मधील ‘माझे १९६० मधील व्यक्तिचित्र’ याहून उणे पडते, ते याच कारणाने. शंभराव्या वर्षीचा आपला आडवा पडलेला सांगाडा त्याने तिथे काढला. विनोद झकास, पण तो शीर्षकावर उभा आहे. १८८९ च्या चित्राला शीर्षकाची गरज नाही, पत्राच बोलतो.

कारण पत्रा बदलला की आधीची अवस्था पुन्हा छापता येत नाही. एन्सॉरचा तो चेहरा आता फक्त आधी निघालेल्या ठशांवर उरला आहे. म्हणून केवळ कवटीची अवस्था छापून तिला विक्षिप्त थट्टा म्हणणे हा अन्याय आहे. दोन्ही ठसे शेजारी ठेवल्याशिवाय काय गेले ते कळत नाही, आणि हे चित्र गेलेल्याबद्दलच आहे.