अडकित्त्यांच्या कपाटासमोर सॅम्पलिंगचा प्रश्न

'सॅम्पलिंग बायस म्हणजे नेमकं काय, व्याख्या नको, समजेल असं सांग,' असं तुमच्यापैकी काहीजण बरेच दिवस विचारताय. आज सांगते. उदाहरण मात्र लॅबमधलं घेत नाहीये, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातलं घेतेय. तिथे मी एका प्रदर्शनाची समीक्षा करायची म्हणून गेले होते आणि परत येताना माझ्याच थिसिसची काळजी घेऊन आले.

त्याचं असं झालं. इथे खारघरला निफ्टचं कॅम्पस आहे. तिथे शिकलेली माझी एक मैत्रीण एकदा चहा पिताना म्हणाली की डिझायनरने काय बनवलं यापेक्षा त्याने घरी काय जमवून ठेवलं ते बघावं, त्यात त्याचा मेंदू जास्त दिसतो. तिच्या बोलण्यात एत्तोरे सोटसास होता. इटलीतल्या पोस्टमॉडर्न डिझाइनचं हे सगळ्यात मोठं नाव. डिसेंबर 1980 मध्ये मिलानमधल्या त्याच्या घरी काही तरुण डिझायनर जमले आणि त्यातून 'मेम्फिस' नावाचा गट तयार झाला. 1981 मध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं. त्यातलं 'कार्लटन' नावाचं पुस्तकांचं कपाट एकदा फोटोत बघाच. फळ्या तिरक्या, रंग भडक, आणि वरून प्लास्टिक लॅमिनेट, म्हणजे आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो ते. उडप्याच्या हॉटेलातल्या टेबलावरचा माल श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवला. वस्तूचं काम ठरलं की तिचा आकार आपोआप ठरतो, हा आधुनिक डिझाइनचा सिद्धांत. या मंडळींना तो मान्यच नव्हता.

याच सोटसासने 1961 मध्ये भारताचा प्रवास केला होता. परतल्यावर तो फार आजारी पडला, आणि बरा झाल्यावर 1964 मध्ये त्याने मातीच्या थाळ्यांची एक मालिका केली, तिचं नाव 'शिवाला अर्पण'. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने 2017 मध्ये त्याचं प्रदर्शन केलं तेव्हा त्याच्या वस्तूंशेजारी मुद्दाम प्राचीन आणि इतरांच्या वस्तू ठेवल्या होत्या, बघणाऱ्याला तुलना करता यावी म्हणून. हे ऐकून मी म्हटलं, असलं काही आपल्याला कुठे बघायला मिळणार? मैत्रीण म्हणाली, मिलान राहू दे, पुण्याला जा. गेले. खारघरहून सकाळची बस, बाजीराव रोडला पोचायला दुपार.

आधी नावाचा घोटाळा मिटवू. 'राजा दिनकर केळकर' हे कुणा संस्थानिकाचं नाव नाही. राजा हे दिनकर गंगाधर केळकरांच्या मुलाचं नाव. एकुलता एक, लहानपणीच गेला. केळकर (1896 ते 1990) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. साधारण 1920 च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली, 1962 मध्ये मुलाच्या नावाने संग्रहालय उभं राहिलं आणि 1975 मध्ये सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. आज संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत, पैकी मांडलेल्या सुमारे अडीच हजार. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आत काय आहे? मुख्यतः घर. दिवे, कुलपं, दौती, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्यं. आपल्या आज्यांनी ज्या गोष्टी 'अडगळ' म्हणून माळ्यावर टाकल्या, त्या एका कवीने पन्नास-साठ वर्षं गावोगाव फिरून गोळा केल्या. मला सर्वांत जास्त वेळ लागला तो अडकित्त्यांपाशी.

अडकित्ता म्हणजे काय ते जरा फिजिक्समधून बघू. ही दुसऱ्या प्रकारची तरफ. टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये, जोर दुसऱ्या टोकाला. सुपारी टेकूच्या जितकी जवळ आणि दांडे जितके लांब, तितकी ती कमी जोरात फुटते. एक धारदार पातं, एक बैठक, एक खिळा. काम इतकंच, आणि त्यासाठी गरजही इतक्याचीच. मग समोर पक्ष्याच्या आकाराचा, घोड्याच्या आकाराचा, माणसांच्या जोडीच्या आकाराचा अडकित्ता कशासाठी? सुपारीला तर काही फरक पडत नाही.

इथे माझ्यातली बायोलॉजीवाली जागी झाली. ल्युसिन या अमायनो आम्लासाठी आपल्या जनुकीय लिपीत सहा वेगवेगळे कोडॉन आहेत. एकाच्या जागी दुसरा आला तरी प्रोटीन तेच बनतं. काम बांधलेलं, पण लिहिण्याची तऱ्हा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेत पिढ्यानपिढ्या फरक साचत जातात. अडकित्त्यांचं कपाट हे मला तसं दिसलं. खिळा आणि धार यांना हात लावता येत नाही, बाकी कारागिराची मर्जी. (अर्थात कोडॉनसुद्धा पूर्ण मोकळे नसतात, पेशीला त्यांतले काही जास्त सोयीचे पडतात. तसंच अडकित्त्याचा घोडा हा निव्वळ मर्जीचा नसणार. कुणाच्या ऐपतीचा, कुणाला आहेर म्हणून द्यायचा, हे त्यात येतंच.) मेम्फिसवाल्यांनी 1981 मध्ये जे मोठा जाहीरनामा असल्यासारखं मांडलं, ते आपल्या तांबटांनी आणि लोहारांनी काही न बोलता कधीच करून ठेवलं होतं. हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

खुशी दहा मिनिटं टिकली.

कारण मग मी स्वतःला तोच प्रश्न विचारला जो सिनॉप्सिसच्या वेळी समोरचा परीक्षक विचारतो: हे सॅम्पल कसं निवडलं? 'महाराष्ट्रातल्या घरांत अडकित्ते असे नाना आकारांचे असत' असं मी या कपाटावरून म्हणू शकते का? नाही म्हणू शकत. साधा लोखंडी अडकित्ता मोडला की मोडीत जातो. पितळी घोडा मोडला तरी कुणीतरी जपतं. म्हणजे काळाने आधीच एक चाळणी लावली. त्यानंतर केळकरांच्या नजरेने दुसरी. दहा घरांत साधे असतील आणि एकात पोपट असेल, तर जमवणारा पोपटच उचलणार, मीही तेच करेन. आणि वीस हजारांतून अडीच हजार मांडले, ही तिसरी चाळणी. तीन चाळण्यांतून जे उरलं त्याला मी 'समाज' म्हणत होते. सॅम्पलिंग बायस तो हाच. त्यात कुणी खोटं बोलत नाही, कपाटातली प्रत्येक वस्तू खरीच असते.

आता समीक्षेचं बोलते. या संग्रहालयाची मांडणी वस्तूंच्या प्रकारानुसार आहे. दिवे दिव्यांजवळ, वाद्यं वाद्यांजवळ. तुलनेसाठी हे उत्तम, माझा वरचा कोडॉनचा विचार त्यामुळेच सुचला. पण या मांडणीत जमवणारा माणूस विरघळून जातो. कोणती वस्तू आधी मिळाली, कोणत्या वर्षी नजर कुठे वळली, हा दिवा घेताना दुसरा कोणता सोडला, हे प्रकारवार कपाटाला विचारताच येत नाही. वैयक्तिक संग्रहाचा सगळ्यात मौल्यवान डेटा मला तोच वाटतो. एक भिंत जरी काळाच्या क्रमाने लावली, 1920 पासून पुढे, तर मुलगा गमावलेल्या एका कवीची नजर कशी घडत गेली ते दिसेल. मला ती भिंत बघायला आवडेल. मस्तानी महालाबाबतही हेच. कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलेली ती वास्तू सुंदर आहे, पण तिच्याकडे बघताना मला मस्तानीपेक्षा ती उचलून आणायचं ठरवणाऱ्या माणसाबद्दल जास्त कुतूहल वाटत होतं.

इटलीतच याचं दुसरं टोक आहे. अकिले कास्तिलिओनी (1918 ते 2002) पोस्टमॉडर्न गटातला नव्हे, पण जमवण्यात पक्का. कात्र्या, चष्मे, खेळणी, ज्यांचा डिझायनर कुणालाच ठाऊक नाही अशा वस्तू तो गोळा करायचा आणि वर्गात नेऊन विद्यार्थ्यांसमोर ठेवायचा. 1957 मध्ये त्याने भावाबरोबर एक स्टूल केलं, त्याला बैठक चक्क ट्रॅक्टरची. त्याचा मिलानमधला स्टुडिओ पुढे लोकांसाठी खुला झाला. तिथे निवडीचा नियम शोधावा लागत नाही, कारण वस्तूंशेजारीच त्यांच्यापासून काय बनलं ते आहे. केळकरांनी जमवून पुढे काही 'प्रॉडक्ट' बनवलं नाही. त्यांचा नियम त्यांच्याबरोबर गेला, थोडा कवितेत राहिला असेल.

हे मला इतकं का लागलं, तेही सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला एका लॅबमधून सॅम्पल्सचा एक डबा मिळाला होता. उणे ऐंशीच्या फ्रीजरमधला, ट्यूबवर नीट आकडे, यादीत तारखा, सगळं जागच्या जागी. एकच गोष्ट नव्हती: हीच सॅम्पल्स का ठेवली आणि बाकीची का टाकली. ठेवणारी व्यक्ती सोडून गेली होती. मी सात महिने त्यावर काम केलं, झकास ट्रेंड मिळाला, आणि मग लक्षात आलं की ज्यांचं आरएनए चांगलं निघालं तेवढीच कुणीतरी जपली असावीत. 'असावीत' यावर चॅप्टर लिहिता येत नाही. तो सगळा भाग मी काढला. गाईड काही बोलले नाहीत, तेच जास्त बोचलं.

तेव्हापासून माझ्या एक्सेलमध्ये 'का ठेवलं' असा एक कॉलम आहे. त्याच्या शेजारी 'काय टाकलं'. दुसरा कॉलम भरायचा कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

पुण्याला जाल तर अडीच-तीन तास हाताशी ठेवा आणि वही न्या. एकच प्रकार निवडा, दिवे घ्या किंवा कुलपं. कामाला लागणारा भाग कोणता आणि उरलेला कोणता, एवढंच लिहीत जा. मग जे कपाटात दिसत नाही त्याची यादी करून बघा. ही यादी अवघड जाते, माझी चार ओळींवर थांबली.

परत आल्यावर मी आईला फोन करून आमच्या घरचा अडकित्ता कुठे आहे विचारलं. म्हणाली, लोखंडी होता, गंजला, आजी गेल्यावर भांडीवाल्याला दिला. आकार कसला होता? तर म्हणे, 'आकार कसला, अडकित्त्यासारखा.'