खालीचे घर

गाण्या-बजावण्याची जाहिरात करणे दिसते तितके सोपे नाही. नाटकाला गोष्ट असते, सिनेमाला चेहरे असतात. पण संगीत कानाचे आणि भिंत डोळ्यांची! म्हणून बहुतेक मैफलींच्या भित्तिपत्रकांवर कलावंताचा फोटो, कोपऱ्यात एखादा तानपुरा आणि तळाशी देणगीदारांची नावे, एवढाच संसार मांडलेला असतो. पाहणाऱ्याला माहिती मिळते. संगीत मात्र मिळत नाही.

गेल्या हिवाळ्यात सोलापुरात नवी पेठेतल्या एका भिंतीवर ही रीत मोडणारे भित्तिपत्रक पाहिले. करणारा उपयोजित कलेचा विद्यार्थी. घर पूर्व भागातले, विणकराचे. मित्रांनी योजलेल्या तबल्याच्या एका बैठकीसाठी त्याने ते हाताने रंगवले होते. फोटो नाही, वाद्य नाही. आलेखाच्या कागदासारख्या चार ओळी आणि प्रत्येक ओळीत चार घरे, म्हणजे त्रितालाच्या सोळा मात्रा. समेचे घर कुंकवासारखे लाल, पाचवे आणि तेरावे ही टाळीची घरे निळी, बाकीची करडी. आणि नववे, खालीचे घर, अगदी कोरे. तारीख व ठिकाण कडेला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत.

संगीत असे नुसत्या आकारांतून दाखवण्याची कल्पना नवी नाही. योझेफ म्युलर-ब्रोकमान या स्विस कलावंताने 1955 साली झुरिकच्या बेथोव्हेन मैफलीसाठी केलेले भित्तिपत्रक प्रसिद्धच आहे. त्यात बेथोव्हेनचा चेहरा नाही. आहेत ते एका केंद्राभोवती फिरणारे, जाड होत जाणारे काळे चाप. पाहताना वाद्यवृंदाचा नाद चढत गेल्याचा भास होतो. पण आमच्या विद्यार्थ्याला स्वित्झर्लंडला जाण्याची गरज नव्हती. सोलापूरची चादर अशाच चौकटींतून जन्म घेते. जकार्ड मागासाठी नक्षी आधी आलेखाच्या कागदावर घर-घर मोजून उतरवतात, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पाडतात, आणि ती भोके सांगतील तसे ताण्याचे धागे उचलले जातात. मात्रा मोजणारा तबलजी आणि घरे मोजणारा नक्षीकार हे एकाच बिरादरीचे, हे या मुलाला उमगले. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार बोलींच्या गावात चौकटीला भाषांतर लागत नाही, हाही त्याचा फायदाच. या सुचण्याला मी मनापासून दाद देतो.

तरीही चित्र अर्ध्यावर थांबले आहे. माझ्याबरोबर एक वृद्ध तबलावादक होते. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मुलाला जवळ बोलावून म्हणाले, ‘‘बाळ, छान केलंस. पण खाली म्हणजे रिकामी नव्हे रे!’’

या एका वाक्यात सारी समीक्षा आली. खालीला टाळी वाजत नाही, हात नुसता फिरतो, हे खरे. पण तबला थांबत नाही. पुढच्या बोलांत ‘धिं’चे ‘तिं’ होते, डग्ग्याचा घुमार मिटतो आणि लय तशीच चालू राहते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आपण आवर्तनात कुठे आहोत आणि सम किती दूर आहे, हे या मिटलेल्या घुमारावरूनच कळते. खाली ही समेची वर्दी आहे. कोऱ्या घराने दाखवला तो खंड. दाखवायला हवे होते ते हलके झालेले वजन. आणि गंमत अशी की, हे त्या मुलाच्या घरात ठाऊकच असणार. पुठ्ठ्यातले भोक तरी कुठे रिकामे असते? धागा उचलला जातो तो त्याच्यामुळेच!

दुसरा दोष साधा, पण मोठा. माझ्यासमोर एक गृहस्थ लेकीला कडेवर घेऊन थांबले, कौतुकाने पाहत राहिले आणि तारीख न सापडल्यामुळे निघून गेले. प्रयोग करणाऱ्या तरुणांना माहिती ही कलेची सवत वाटते. कमल शेडगे (1935–2020) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत आयुष्यभर नेमके उलट दाखवून दिले. नाटकाचे नाव हीच माहिती आणि तेच चित्र. अक्षराच्या वळणातच नाटकाचा स्वभाव उतरलेला. वाचता येणे आणि पाहत राहावेसे वाटणे यांत त्यांनी कधी भांडण लावले नाही.

हे दोन्ही दोष एकाच जागी दूर होण्यासारखे आहेत. तारीख त्या नवव्या घरातच का नसावी? संपूर्ण तिसरी ओळ फिक्या रंगात घ्यावी आणि तिच्या पहिल्या घरात ठळक अक्षरांनी वार, वेळ, ठिकाण लिहावे. मग खाली आपले काम करील. सम येते आहे, वेळेवर या, असे सांगेल.

मी हे मुलाला सांगितले. तो थोडा हिरमुसला, मग खिशातून पेन्सिल काढून तिथेच भिंतीशी उभा राहिला आणि घरे मोजू लागला. चुकीची जागा दाखवल्यावर जो पुन्हा पहिल्या मात्रेपासून मोजतो, त्याचा ताल आज ना उद्या जुळतोच. बैठकीला मी गेलो. ते कडेवरच्या लेकीचे गृहस्थ मात्र दिसले नाहीत, एवढी रुखरुख राहिली.