थकवा काढून टाकला की काय उरतं? 'पर्सोना ३' दोनदा खेळल्यावर

मागच्या वेळी आपण प्रयोगातल्या 'कंट्रोल'बद्दल बोललो होतो. आज त्याच धाग्यावर, पण एका व्हिडिओ गेमबद्दल. नेट-सेटच्या अभ्यासाला बसलेल्यांनी 'हे काय मध्येच' म्हणून टॅब बंद करू नका, दहा मिनिटं द्या.

अटलस या जपानी कंपनीचा 'पर्सोना ३' जुलै २००६ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. तुम्ही शाळा बदलून आलेला अकरावीचा मुलगा असता. दिवसा वर्ग, मित्र, परीक्षा. रात्री बारा वाजता इतरांना न कळणारा एक तास सुरू होतो आणि त्या तासात तीच शाळा टार्टारस नावाचा प्रचंड मनोरा होते. त्याचे मजले चढायचे, सावल्यांशी लढायचं. दर पौर्णिमेला एक मोठा शत्रू येतो, त्याआधी तयारी हवी. एप्रिल ते जानेवारी असं कॅलेंडर समोर असतं आणि गेलेला दिवस परत येत नाही.

दोन्ही बाजू एकमेकींत कशा अडकवल्या आहेत, ते बघण्यासारखं आहे. तुमच्या ओळखीचा प्रत्येक माणूस टॅरोच्या एका पत्त्याला बांधलेला असतो. त्याच्याबरोबर वेळ घालवला की मैत्रीची पातळी वाढते, एक ते दहा. मग त्याच पत्त्याची 'पर्सोना' (लढाईत बोलवायची शक्ती म्हणा) नवीन घडवली की तिला बोनस मिळतो. उलटही खरं: भेटायला जाताना त्या पत्त्याची पर्सोना जवळ असेल तर मैत्री लवकर वाढते. म्हणजे दिवसाचं रात्री कामाला येतं आणि रात्रीचं दिवसा. शाळा आणि मनोरा हे दोन खेळ एकाला एक चिकटवलेले वाटत नाहीत ते यामुळे.

मूळ खेळात आणखी एक गोष्ट होती, थकवा. मनोऱ्यात जास्त वेळ राहिलात की तुम्ही आणि सोबती थकायचे. थकलेला सोबती लढाईत कमी पडायचा, आणि थकव्याचा परिणाम दुसऱ्या दिवसाच्या अभ्यासावरही व्हायचा. उपाय म्हणजे लवकर झोपणं. नाहीतर शाळेच्या आरोग्यखोलीत एडोगावा सर कसलासा भयंकर काढा पाजायचे, त्याने तुमचं 'धैर्य' वाढायचं. (आमच्या डिपार्टमेंटच्या कँटीनचा चहा याच जातीचा.) त्यामुळे मनोरा महिनाभर थोडा थोडा चढावा लागे. खूप जण वैतागले. मीही वैतागले होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पर्सोना ३ रीलोड' आला आणि हा थकवा गेला. आता ताकद पुरेल तोवर एकाच रात्री महिन्याचे सगळे मजले उरकता येतात. सोयीचं आहे, नाही कशाला म्हणू? पण मग खेळाडू काय करतो? एका रात्रीत मनोरा निपटतो आणि बाकीच्या रात्री मोकळ्या ठेवतो. 'पर्सोना ५' मध्ये तर हे जास्तच दिसतं. तिथल्या 'पॅलेस'ला जायला मुदत असते, प्रत्येक फेरीला एक दिवस खर्च होतो, म्हणून शहाणा खेळाडू एका फेटक्यात वाट मोकळी करतो. मग निरोपाचं कार्ड पाठवायचं आणि शेवटची चाल. कथेतली पात्रं 'वेळेत होईल ना?' म्हणून काळजीत, आणि तुम्ही दोन आठवडे निवांत कॉफी नि करी बनवताय. नियम आणि कथा इथे एकमेकांना खोटं पाडतात. माझ्या मते थकवा हा त्रास नव्हता, 'रोज थोडं' हे कथेचं म्हणणं नियमांतून सांगायचा तो मार्ग होता.

आता संशोधक म्हणून स्वतःलाच अडवते. एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या, एकीत थकवा आहे, दुसरीत नाही. झाला प्रयोग? नाही. 'रीलोड'मध्ये सोबत्यांना थेट आज्ञा देता येतात, मूळ खेळात फक्त डावपेच सांगता यायचे. आपली पाळी दुसऱ्याला देता येते, 'थिअर्जी' नावाचे मोठे हल्ले आहेत. म्हणजे खेळ सोपा झाला त्याचं श्रेय एकट्या थकव्याला देता येत नाही. आणि सगळ्यात मोठा घोळ मीच. पहिल्यांदा एमएस्सीला असताना मैत्रिणीच्या भावाच्या जुन्या प्लेस्टेशनवर खेळले, दुसऱ्यांदा पीएचडीच्या चौथ्या वर्षात. मोजणारं यंत्रच बदललं.

पहिल्या वेळी मी इंटरनेटवरचं 'एकही दिवस वाया न घालवणारं' वेळापत्रक समोर ठेवून खेळले. कोणाला कधी भेटायचं, काय उत्तर दिलं की जास्त गुण, सगळं लिहिलेलं. खेळातला हाच मला खरा दोष वाटतो: समोरच्याला आवडेल ते बोललं की गुण वाढतात, खरं बोलायला बक्षीस नाही. देवळाच्या बाकावर दर रविवारी अकिनारी नावाचा एक आजारी तरुण बसलेला असतो. तो एक गोष्ट लिहितोय, ती पुरी होईपर्यंत आपण जगू का हे त्याला ठाऊक नाही. (पुढचं सांगत नाही.) मी त्याची पातळी दहापर्यंत नेली. संवाद मात्र बटण दाबत पळवले होते. त्याच्या गोष्टीत काय होतं, हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

हे आठवायचं कारण वेगळं. माझ्या शेजारच्या बेंचवर काम करणारा एक जण गेल्या वर्षी पीएचडी सोडून गेला. त्याआधी दोन-तीन महिने तो 'चहाला येतेस का?' विचारायचा. माझ्या डोक्यात जेल, सेंट्रिफ्यूज, रिव्ह्यूअरचे शेरे. चहाने यातलं काहीच पुढे सरकत नाही, म्हणून मी 'नंतर' म्हणायचे. तो गेला त्या आठवड्यात मला त्याच्या थिसिसचा विषयसुद्धा धड सांगता आला नाही, आणि आमच्या बाकांत अंतर दीड मीटर.

याचा दोष मी खेळाला देत नाही. पण वेळापत्रक हातात धरून जगायची सवय नेमकी कशी दिसते, हे तो आरशासारखं दाखवतो. नवीन प्रवेश घेणाऱ्यांना म्हणूनच सांगते, पहिल्यांदा खेळणार असाल तर गाईड उघडू नका. परीक्षेत वर्गात विचारलेलेच प्रश्न येतात, तेवढं लक्षात ठेवा, बाकी चुकलं तर चुकू द्या.

सध्या मी 'रीलोड' गाईडशिवाय खेळतेय. दोन मैत्र्या अर्धवट राहणार, हे आत्ताच दिसतंय. थकवा नाही, तरी स्वतःच नियम घातलाय: एका रात्रीत ठराविकच मजले. आणि रविवारी बाकावर गेले की बटणाला हात लावायच्या आधी तो काय म्हणतोय ते वाचते.